समुद्रकिनाऱ्यावर हरवलेला दागिना मेटल डिटेक्टरने शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती मुख्यतः अलिबागपासून गोव्यापर्यंतच्या पुळणींना धरून दिली आहे. दागिना आत्ताच हरवला असेल तर पहिले तीन प्रश्न वाचा आणि कामाला लागा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

अंगठी आत्ता पडली. सगळ्यात आधी काय करायचं?

आहात तिथेच उभे राहा. टाचेने वाळूत खोल फुली मारा, तिच्यावर चप्पल किंवा काठी रोवा आणि मगच हला. सोबतच्या लोकांना शोधू देऊ नका. चार-पाच जण गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उकरायला लागले की वरवर पडलेली अंगठी वीतभर खाली जाते, नाहीतर उपसलेल्या ढिगाखाली गाडली जाते. सुक्या वाळूत नुसत्या पावलांच्या दाबानेही ती दोन-चार सेंटीमीटर खाली सरकते.

मग मोबाइलवर जागेचा पिन टाका. मोकळ्या पुळणीवरही फोन पाचेक मीटरने चुकू शकतो, म्हणून त्याच जागी उभं राहून चारही दिशांना फोटो काढा. त्याहून पक्की खूण म्हणजे दोन रेषा. जमिनीकडे बघा आणि एकामागे एक येणाऱ्या दोन स्थिर वस्तू निवडा, जसं की पुढचा विजेचा खांब आणि त्याच्या बरोबर मागचा घराचा कोपरा. तशीच दुसरी जोडी वेगळ्या दिशेला धरा. दोन्ही जोड्या परत जुळतील तिथे तुमची जागा. भरतीने फुली पुसली तरी ही खूण राहते.

शेवटी चार गोष्टी लिहून ठेवा: किती वाजले, पाणी भरत होतं की ओसरत होतं, पाणी अंगाला कुठपर्यंत होतं, आणि दागिना अंगावर असल्याचं शेवटचं नक्की कधी दिसलं. चौथ्यासाठी त्या दिवशीचे फोटो मोठे करून बघा. बारा वाजताच्या सेल्फीत अंगठी बोटात आहे आणि सव्वाबाराच्या फोटोत नाही, एवढं कळलं की अख्ख्या पुळणीची खोलीएवढी जागा होते. दहा बाय दहा मीटरची नक्की जागा आणि साधं यंत्र असेल, तर दागिना सापडण्याची आशा धरता येते. अर्ध्या किलोमीटरची पुळण असेल तर सगळ्यात महाग यंत्रही नुसतं फिरत राहतं.

भरती आली की दागिना समुद्रात वाहून जातो ना?

सोन्याचा दागिना सहसा जात नाही. बावीस कॅरेट सोन्याची घनता वाळूच्या कणापेक्षा साडेसहा पटींहून जास्त असते. लाट वाळू ढवळते, हलके कण वर उचलले जातात आणि जड दागिना त्यांच्यामधून खाली बसतो. शिंपले, खडे किंवा चिकणमातीचा घट्ट थर लागेपर्यंत हे चालू राहतं. म्हणून एक-दोन भरत्यांनंतर तो पडला त्याच्या आसपासच असतो, फक्त खोल गेलेला असतो. घाई करायची ती या खोलीमुळे. पहिल्या ओहोटीला दहा सेंटीमीटरवर असलेली अंगठी आठवड्याने यंत्राच्या आवाक्याबाहेर गेलेली असू शकते.

चांदीचं थोडं वेगळं आहे. पातळ पैंजण किंवा जोडवी लाटेबरोबर काही मीटर सरकू शकतात. लाट फुटते त्या पट्ट्यात पडलेल्या कुठल्याही चपट्या, हलक्या दागिन्याचं तसंच. तिथे शोधाचं क्षेत्र किनाऱ्याला समांतर जरा लांब धरा.

ओहोटी कधी असेल हे चटकन कसं काढायचं?

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, पण कोकणातला जुना हिशेब अजून कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी सुरू करा. म्हणजे पाण्यामागोमाग खाली जाता येतं आणि ओहोटीनंतरचा दीड-दोन तासही हाती राहतो. दागिना पाण्यात पडला असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची ओहोटी सोन्यासारखी, कारण तेव्हा पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पातळी चार मीटरहून जास्त वरखाली होते, गोव्यात साधारण दोन मीटर. त्यामुळे अलिबागला भरतीत कमरेएवढ्या पाण्यात पडलेली अंगठी ओहोटीत उघड्या ओल्या वाळूवर शोधता येते. गोव्याच्या उभट पुळणींवर हे नेहमी जमत नाही. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत पाणी फारसं हटत नाही. मात्र चार दिवस थांबून उधाणाची वाट बघण्यापेक्षा आहे त्या ओहोटीला एक फेरी मारलेली बरी.

यंत्र मिळत नाही. चाळून शोधता येईल का?

सुक्या वाळूत जागा नक्की असेल तर येईल, आणि चांगलं सापडतं. दोन बाय दोन मीटरचा चौकोन दोरीने आखा. बाजूला, चौकोनाच्या बाहेर, ताडपत्री पसरा. वाळूचा पाच सेंटीमीटरचा थर सपाट फावड्याने खरवडून घमेल्यात घ्या आणि पाच मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून ताडपत्रीवर चाळा. मग दुसरा थर. दहा सेंटीमीटर खोलीपर्यंत एवढ्या चौकोनातून तीस-पस्तीस घमेली वाळू निघते, वजनाने सहाशे किलोंच्या पुढे. दोघांना अर्धा दिवस सहज लागतो. बांधकामावरची मोठी चाळण नको, तिच्यातून कानातलं आणि साखळी दोन्ही निसटतात.

ओली वाळू चाळणीत गोळा होऊन बसते. ती बादलीतल्या पाण्यात चाळण बुडवून हलवत धुवावी लागते. लोक दंताळं फिरवतात, ते टाळा. दंताळ्यात अंगठी अडकली तर नशीब, एरवी ते दागिना जागेवरून हलवतं आणि खाली ढकलतं.

मॉलच्या किंवा हॉटेलच्या दारावरचा हातातला डिटेक्टर चालेल?

वरवर पडलेल्या अंगठीसाठी चालेल. चार-पाच सेंटीमीटरपर्यंत, तेही सुक्या वाळूत. त्याचा खरा उपयोग वेगळा: फावड्यावर वाळू पातळ पसरायची आणि तिच्यावरून तो फिरवायचा. चाळणीपेक्षा हे काम लवकर होतं. ओल्या खाऱ्या वाळूवर मात्र तो सारखा वाजत राहतो.

लोहचुंबकाने?

नाही. सोनं, चांदी, प्लॅटिनम यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. चुंबकाला काळी वाळू तेवढी भरपूर चिकटेल.

कोणत्या प्रकारचं यंत्र लागतं?

सुकी वाळू, ओली वाळू आणि पाणी या तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

सुक्या वाळूत जवळजवळ कुठलंही बऱ्या कंपनीचं यंत्र चालतं. गॅरेटच्या एस मालिकेतली एका फ्रिक्वेन्सीवर चालणारी यंत्रंही तिथे अंगठी सहज पकडतात. पण मीठ आणि पाणी एकत्र आलं की वाळू स्वतःच वीज वाहू लागते, आणि एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला ती पातळ धातूसारखी दिसते. कॉइल, म्हणजे वाळूवरून फिरवायची यंत्राची चकती, जरा वरखाली झाली की आवाज येतो. तो थांबवायला सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनक्षमता, खाली आणावी लागते, आणि त्याबरोबर दागिनाही जातो.

ओल्या वाळूसाठी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र हवं. मिनलॅबचं इक्विनॉक्स, नोक्टाचं लेजंड, एक्सपीचं डियस टू ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. ही यंत्रं मिठाचा परिणाम ओळखून वजा करतात. इक्विनॉक्स ९०० पाच मीटरपर्यंत पाण्यात चालतं, डियस टू वीस मीटरपर्यंत. गॅरेटच्या साध्या एस यंत्रांची कॉइल पाण्यात चालते, पण वरचा डबा चालत नाही. हा फरक न कळल्यामुळे गुडघाभर पाण्यात एक लाट येते आणि यंत्र संपतं.

तिसरा प्रकार पल्स इंडक्शनचा, म्हणजे विजेचे छोटे झटके सोडून धातूचा प्रतिसाद ऐकणारा. गॅरेटचं सी हंटर मार्क टू त्यातलं. ते मिठाची आणि काळ्या वाळूची फारशी पर्वा करत नाही आणि खोलवर जातं. पण लोखंड आणि सोनं यांतला फरक सांगत नाही. गर्दीच्या चौपाटीवर केसांच्या पिना आणि खिळे खणून हात दुखतात, आणि अगदी बारीक साखळी त्याला बऱ्याचदा कळत नाही. जागा लहान आणि दागिना जाडजूड असेल तरच ते काढा.

ऑनलाइन दहा हजारांच्या आत डिटेक्टर दिसतात. घ्यावा का?

एका अंगठीसाठी घ्यायचा असेल आणि ती सुक्या वाळूत पडली असेल, तर तो उपयोगी पडू शकतो. ओल्या वाळूसाठी पैसे वाया जातील. शंभर मीटरवरून सोनं दाखवणाऱ्या अँटेनाच्या काड्या आणि 'लाँग रेंज लोकेटर' ही उघड फसवणूक आहे. अकरा इंची कॉइलच्या चांगल्या यंत्राला अंगठी साधारण वीस ते पंचवीस सेंटीमीटरवर कळते, अडीच ग्रॅमची साखळी पाच-सात सेंटीमीटरवर. याहून फार मोठे आकडे कोणी सांगत असेल तर तो विकायला बसला आहे.

रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत यंत्र सारखं का वाजतं?

रत्नागिरीच्या आसपास, काळबादेवीच्या पट्ट्यात वगैरे, वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं आहेत. लाटा हलकी वाळू धुऊन नेतात आणि काळे पट्टे मागे राहतात. यंत्राला तिथे जमीनच लोखंडासारखी भासते. खोली निम्म्यावर येते आणि पट्ट्याच्या कडेवरून कॉइल जाताना खोटा सिग्नल मिळतो. अशा ठिकाणी ग्राउंड बॅलन्स (यंत्राला तिथल्या जमिनीचा सिग्नल ओळखून वजा करायला लावणं) दर पंधरा-वीस पावलांनी परत करा, सेन्सिटिव्हिटी तीन-चार पायऱ्या उतरवा आणि कॉइल हळू फिरवा. जांभ्याचे आणि काळ्या दगडाचे गोटेही वाजतात. ओळखायची युक्ती अशी: कॉइल गोट्यापासून थोडी वर उचलली की त्याचा आवाज एकदम मरतो, धातूचा हळूहळू कमी होतो.

तारकर्ली-मालवणकडची पांढरी वाळू बहुतांशी गारेची (क्वार्ट्झची). तिथे तेच यंत्र कितीतरी शांत चालतं. त्यामुळे एका किनाऱ्यावरची सेटिंग दुसऱ्यावर तशीच नेऊ नका.

मंगळसूत्र शोधणं अंगठीपेक्षा अवघड का?

कारण यंत्राला मंगळसूत्र दिसतच नाही, त्याचे तुकडे दिसतात. काळे मणी काचेचे, ते वाजत नाहीत. सोन्याची गुंफण बारीक, तिच्या कड्या एकमेकींना नीट टेकत नाहीत, त्यामुळे विजेला सलग वाट मिळत नाही आणि प्रत्येक कडी यंत्राला वेगळी, इवलीशी भासते. सिग्नल मिळतो तो दोन वाट्यांचा आणि मागच्या हुकाचा. वाट्या पातळ पत्र्याच्या आणि आत लाख भरलेल्या असतात, तरी नाण्यासारख्या पसरट असल्यामुळे दहा-बारा सेंटीमीटरवर कळतात. नुसत्या काळ्या पोतीचं छोटं पेंडंट असेल तर पाच सेंटीमीटर धरा.

सर तुटला असेल तर वाट्या एकीकडे आणि पोत दुसरीकडे, असंही होतं. एक वाटी मिळाली की तिच्याभोवतीची एक मीटर वाळू बारीक चाळणीने चाळा. आधी यंत्र, मग चाळण, हा क्रम उलटा करू नका.

बाकी दागिन्यांचं थोडक्यात. अंगठी आणि बांगडी ही बंद कडी असल्याने जोरात वाजते. तीच अंगठी कापलेली किंवा तडकलेली असेल तर आवाज फार पडतो. जोडवी आणि पैंजण चांदीची, चांदी उत्तम वीजवाहक, त्यामुळे आवाज उंच आणि स्वच्छ. नथ म्हणजे मोती आणि बारीक तार, ती मिळणं कठीण. कानातल्या कुड्यांची फिरकी वेगळी पडलेली असते. हिरा अजिबात वाजत नाही, वाजतं ते त्याचं कोंदण.

यंत्र लावताना कोणत्या सेटिंग करायच्या?

आधी नॉइज कॅन्सल करा, म्हणजे आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांची कुरकुर टाळणारी सेटिंग लावा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून पाठीच्या पिशवीत ठेवा. खिशातल्या फोनमुळे येणारी कुरकुर लोक मिठामुळे येते असं समजतात आणि सेन्सिटिव्हिटी उगाच उतरवतात. मग बीच मोड. इक्विनॉक्समध्ये बीच वन ओल्या-सुक्या वाळूला आणि बीच टू पाण्यात आणि लाटांत वापरायचा. त्यानंतर जिथे काही वाजत नाही अशा जागी कॉइल पाच-दहा सेंटीमीटर वरखाली करत ग्राउंड बॅलन्स घ्या. सेन्सिटिव्हिटी वरून सुरू करून यंत्र शांत होईपर्यंत एकेक पायरी उतरवा. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळणं, शक्यतो बंदच ठेवा. सोन्याची पातळ अंगठी आणि पुडीचा चंदेरी कागद यांचे यंत्राच्या पडद्यावरचे आकडे एकमेकांत मिसळतात. कागद गाळायला गेलात तर अंगठीही गाळली जाईल.

यानंतरची पायरी बहुतेक जण सोडतात. हरवलेल्यासारखाच दागिना घरातल्या कोणाच्या तरी अंगावर असतो: दुसरं कानातलं, जोडीची बांगडी, नवऱ्याची अंगठी. त्याला रंगीत दोरा बांधा, दुसरं टोक काठीला बांधा, दागिना त्याच वाळूत दहा सेंटीमीटर पुरा आणि यंत्र फिरवून आवाज कानात बसवा. पंधरा सेंटीमीटरवर परत करा. दोरा विसरू नका, एका दिवसात दोन दागिने शोधायची वेळ येते.

चालायचं कसं?

दोरी आणि काठ्यांनी एक-एक मीटरच्या पट्ट्या आखा. ओल्या वाळूत या पट्ट्या पाण्याला समांतर ठेवा. उभं, म्हणजे पाण्याकडे आणि परत असं चाललं की दर पावलाला ओलावा बदलतो आणि यंत्र गोंधळतं. कॉइल वाळूपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, पूर्ण झोक्यात सपाट. टोकाला ती वर उचलली जाते, ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि तिथे खोली शून्य होते. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत दोन-तीन सेकंद, आणि प्रत्येक झोका मागच्यावर अर्धा चढलेला. कॉइलखालचं क्षेत्र खोल जाताना निमुळतं होतं, म्हणून हा अर्धा चढ हवाच.

दहा बाय दहा मीटरला खणण्यासकट पाऊण ते एक तास लागतो. नाही मिळालं तर तीच जागा आडव्या दिशेने परत घ्या. साखळी किंवा उभी रुतलेली अंगठी एका दिशेने गप्प राहते आणि दुसऱ्या दिशेने बोलते. दुसऱ्या फेरीआधी तिथून उठून नवी जागा धरायची घाई होते, ती आवरा.

सिग्नल मिळाला. दागिन्याला धक्का न लावता काढायचा कसा?

कॉइल आडवी आणि मग काटकोनात फिरवून मध्य धरा. स्कूप (वाळू गळून जायला भोकं असलेलं खोलगट फावडं) मध्याच्या मागे दहा-पंधरा सेंटीमीटरवर टेकवा आणि तिरपा आत घाला. बरोबर मध्यावर धार मारली की मऊ बावीस कॅरेटची अंगठी चेपते, खडा निखळतो. एक स्कूप काढून बाजूला ठेवा आणि खड्ड्यावरून कॉइल परत फिरवा. आवाज गेला म्हणजे माल स्कूपमध्ये आहे. स्कूपची भोकं दहा-बारा मिलिमीटरची असतील तर साखळी पाण्याबरोबर खाली निघून जाते, तिच्यासाठी आत बारीक जाळी लावा. पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) ओल्या वाळूत आपसूक वाजत असेल तर त्याचं टोक त्याच वाळूला टेकवून बंद करून परत चालू करा. बहुतेक यंत्रं तो ओलावा शून्य धरतात. शोधणाऱ्याने आपली अंगठी आणि कडं आधीच काढून ठेवावं.

खड्डे लगेच बुजवा. संध्याकाळी तिथे मुलं धावतात, घोडे आणि घोडागाड्या फिरतात.

प्रत्येक सिग्नल खणायचाच का?

ठरावीक जागेत हरवलेला दागिना शोधताना, हो, नक्कीच लोखंडाचा वाटतो तो सोडून सगळे. आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. एक आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, म्हणून यंत्रावर ती लोखंडासारखी अडखळत वाजतात. तो आवाज ओळखू आला की खणणं बरंच वाचतं. बाटल्यांची बुचंही तशीच फसवतात, फक्त कॉइलच्या कडेने ऐकलं की त्यांचा आवाज फाटतो. ॲल्युमिनियमच्या कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी मात्र कानाने वेगळी करता येत नाही.

कमरेएवढ्या पाण्यात शोधणं सुरक्षित आहे का?

शांत समुद्र, ओसरतं पाणी आणि किनाऱ्यावर लक्ष ठेवणारा माणूस, या तीन गोष्टी असतील तर. गणपतीपुळ्यासारख्या ओढीच्या किनाऱ्यावर स्थानिकांना विचारल्याशिवाय गुडघ्यापुढे जाऊ नका. हेडफोन लावलेल्या माणसाला मागून येणारी लाट ऐकू येत नाही, म्हणून तोंड समुद्राकडे ठेवून शोधा. पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, वाळूत बसलेली पाकटं (शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे) बाजूला होतात. पायात जाड तळाचे बूट आणि हातात मोजे हवेतच, कारण तळाशी काचा आणि मासेमारीचे गळ असतात. छातीपर्यंत पाणी आलं की मागे फिरा. तिथे स्कूप धड रोवता येत नाही, आणि ओहोटीची वाट बघणं स्वस्त पडतं.

मे महिन्यात हरवलेली अंगठी आता दिवाळीत सापडेल का?

शक्यता कमी होते, संपत नाही. पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात नेतात आणि किनारा कापला जातो. ऑक्टोबरनंतर तीच वाळू हळूहळू परत येऊन बसते. त्यामुळे मे महिन्यातली अंगठी जुलै-ऑगस्टमध्ये वर उघडी पडू शकते आणि जानेवारीत मीटरभर वाळूखाली जाऊ शकते. पाऊस जरा थांबल्यावर ओहोटीला, जिथे उभे कापलेले काठ आणि खड्यांचा थर उघडा दिसतो, तिथे शोधा. जड वस्तू त्या थरावर जमतात. मात्र पावसाळ्यात पाण्यात पाय घालायचा नाही. दिवाळीत जात असाल तर उधाणाची ओहोटी बघून जा, आणि नारळी पौर्णिमेनंतर तिथे कोणाला काही मिळालं का, याची गावात चौकशी करा.

किनाऱ्यावर यंत्र फिरवायला परवानगी लागते का?

आपला हरवलेला दागिना शोधायचा असेल तरी ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आधी सांगा. २६/११ नंतर कोकणकिनारी सागरी पोलीस आणि गावचे लोक सावध असतात. रात्री यंत्र आणि हेडबत्ती घेऊन फिरणारा अनोळखी माणूस चौकशीला थांबवला जाणारच. हरवल्याची तक्रार किंवा नोंद केलेली असेल तर तिची प्रत खिशात ठेवा. गोव्यात किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना सांगितलं की तेच पर्यटकांना थोडं बाजूला करतात.

किल्ल्यांजवळ नको. कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग ही संरक्षित स्मारकं आहेत आणि तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. जुनी नाणी किंवा पुरलेलं काही मिळालं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दिवेआगरला १९९७ मध्ये वाडीत सुवर्णगणेश सापडला, तेव्हापासून त्या बाजूला गुप्तधनाच्या गप्पा फार चालतात. त्या नादाने यंत्र घेऊन जाऊ नका.

कासवांच्या किनाऱ्यांवर काय काळजी घ्यायची?

वेळास, आंजर्ले, गुहागर आणि गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटी भरतीच्या रेघेच्या वर, दीडेक फूट खोल असतात, म्हणजे लोक बसतात आणि दागिने पडतात त्याच पट्ट्यात. या महिन्यांत तिथे वनखात्याला किंवा स्थानिक कासवमित्रांना विचारल्याशिवाय स्कूप मारू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. अंडी फुटली तर अंगठीपेक्षा ते महागात पडेल.

शोधताना दुसऱ्याचाच दागिना मिळाला तर?

तो तुमचा होत नाही. मालक शोधायचा वाजवी प्रयत्न न करता ठेवून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपहार होतो. फोटो काढा, जागा-वेळ लिहा आणि पोलिसांत जमा करून पोच घ्या. गावाच्या ग्रुपवर टाकताना पूर्ण फोटो देऊ नका. आतलं नाव, तारीख, खड्याचा रंग झाकून ठेवा आणि तेच दावेदाराला विचारा. २०२१ नंतरच्या दागिन्यांवर हॉलमार्कसोबत सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की तो कोणत्या सराफाचा आणि किती शुद्धतेचा, हे कळतं. त्यावरून मालकापर्यंत जायला वाट सापडते. आपल्या दागिन्यांच्या बिलांचे आणि या क्रमांकांचे फोटो आत्ताच काढून ठेवा.

शोधून देणाऱ्याला किती पैसे द्यायचे?

शोध सुरू व्हायच्या आधी ठरवा, आणि मेसेजवर लिहून ठेवा. जाण्यायेण्याचा खर्च सापडो न सापडो द्यायचा, आणि सापडल्यास वेगळं बक्षीस, ही पद्धत दोघांना बरी पडते. किमतीच्या टक्क्यांवर ठरवू नका, मग भावावरून वाद होतो. करार कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे ठरावीक बक्षीस जाहीर केलेलं असेल तर सापडवणारा त्यासाठी दावा करू शकतो आणि मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू शकतो. तेव्हा भावनेच्या भरात फेसबुकवर मोठा आकडा टाकू नका. परदेशात असाल तर द रिंग फाइंडर्स नावाच्या डिरेक्टरीत आपल्या भागातला माणूस मिळतो. मात्र अमेरिकेत नॅशनल सीशोअरवर, म्हणजे सरकारने राखलेल्या किनाऱ्यांवर, यंत्र वापरायला बंदी आहे, तिथे आधी रेंजरला भेटा.

सापडलेला दागिना कसा साफ करायचा?

वाळू लागलेली असताना पुसू नका, ओरखडे पडतात. गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मग कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. मोती असलेली नथ आणि तन्मणी यांना साबण आणि गरम पाणी दोन्ही वर्ज्य, नुसतं गोडं पाणी आणि मऊ कापड. चांदी काळी पडली असेल तर घासू नका, सराफ उजळून देतो. खडे असतील तर घालण्याआधी त्यांचे काटे तपासून घ्या. मंगळसूत्राचा सर नव्याने गुंफून घ्यावा, खाऱ्या पाण्याने दोरा आणि हुकाची स्प्रिंग कमजोर होते.

वापरून झाल्यावर यंत्राचं काय करायचं?

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पण नळीच्या जोराने नको. दांड्याचे जोड सोडवून आतली वाळू काढा, नाहीतर पुढच्या वेळी ते फिरणार नाहीत. चार्जिंगचे पितळी ठिपके कोरड्या कापडाने पुसून पूर्ण सुकल्यावरच चार्जर लावा, मीठ राहिलं तर ते हिरवे पडतात. कॉइलवरचं प्लास्टिकचं कव्हर प्रत्येक वेळी काढून धुवायचं. त्यात चमचाभर काळी वाळू अडकली की ती कॉइलबरोबरच फिरते, आणि पुढच्या किनाऱ्यावर यंत्र विनाकारण कुरकुरत राहतं.